सोलापूरचे डॉक्टर चीनला गेले

अंगात ताप भरला की आपण डॉक्टरकडे जातो. डॉक्टर काही आपल्याला शोधत येत नाहीत. पण आपल्या महाराष्ट्रात एक डॉक्टर असे होऊन गेले की जे आजाऱ्यांना शोधत थेट चीन देशापर्यंत गेले. कोणी बळजबरीने पाठवलं नव्हतं. त्यांनी स्वतः अर्ज केला होता. त्यांचं नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

आमच्या वर्गात सोलापूरकडची बरीच मुलं आहेत. त्यांचे आई-वडील कामासाठी धायरीला आले आणि इथेच राहिले. त्यांना सांगायला मला विशेष आनंद वाटतो की हे डॉक्टर तुमच्या सोलापूरचे. पण गंमत अशी, की मी वर्गात विचारलं तेव्हा एकालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं. चीनमध्ये मात्र शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे म्हणतात. म्हणून या वेळी भित्तिपत्रकासाठी त्यांचंच चरित्र लिहायचं ठरवलं. लेख जरा लांब झाला आहे. उभ्याने वाचावा लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. सोलापूर म्हणजे कापड गिरण्यांचं गाव. सकाळी भोंगा झाला की माणसांचे लोंढे गिरणीकडे चालू लागत. कोटणीसांचं घर मध्यमवर्गी, माणसं भरपूर. भाऊ होते, बहिणी तर पाच होत्या. अशा घरात एका मुलाला डॉक्टर करायचं म्हणजे काय असतं ते पालकांना सांगायला नको. शाळेचं शिक्षण सोलापुरात झालं आणि पुढे ते मुंबईला सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात गेले. हे कॉलेज परळला के. ई. एम. हॉस्पिटलला लागून आहे. आपल्याकडचे लोकही मोठ्या आजाराला तिथे जातात.

त्यांच्या तरुणपणी सोलापुरात काय घडलं हेही सांगितलं पाहिजे. १९३० साली मे महिन्यात इंग्रज सरकारने सोलापुरात लष्करी कायदा लावला. लोक सरकारविरुद्ध उठले होते म्हणून. नंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली. फाशी कुठे दिली? आपल्या पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात. द्वारकानाथ तेव्हा वीस वर्षांचे होते. आपल्याच गावची चार माणसं अशी गेलेली ज्याने ऐकली, त्याला परक्या राज्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नसणार, असं मला वाटतं.

१९३६ साली ते डॉक्टर झाले. पण त्यांना आणखी शिकायचं होतं. शस्त्रक्रियेची वरची परीक्षा द्यायची तयारी चालू होती. ती परीक्षा झाली असती तर सोलापूरला किंवा मुंबईला चांगला दवाखाना काढता आला असता, घरचे दिवस पालटले असते. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

आता जरा चीनकडे वळू, नाहीतर पुढचं समजणार नाही.

७ जुलै १९३७ रोजी पेकिंग शहराजवळच्या एका पुलावर जपानी आणि चिनी सैन्यात गोळीबार झाला आणि त्यातून मोठं युद्ध पेटलं. जपान बलाढ्य होता. त्याच्याकडे विमानं, तोफा, सगळं होतं. चीन गरीब, त्यात आपसातल्या भांडणांनी पोखरलेला. जपानी विमानं गावांवर बाँब टाकीत. जखमींची तर गणतीच नाही, आणि डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. आमच्या सैनिकांसाठी औषधं आणि डॉक्टर पाठवा, असं त्या पत्राचं सार होतं.

बघा, मागणारा गरीब आणि ज्याच्याकडे मागितलं तोही पारतंत्र्यात! आपला देश तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. स्वतःचं सरकार नाही, स्वतःचा खजिना नाही. पण १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष नेताजी सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला हाक दिली. जुलै महिन्यात गावोगाव वर्गणी गोळा केली. आपण गणपतीची पावती फाडतो ना, तशीच लोकांनी चीनसाठी दिली असेल. कोणाचा आणा, कोणाचा रुपया. सगळे मिळून सुमारे २२,००० रुपये जमले. त्या काळी ही रक्कम मोठी होती. त्यातून औषधं, शस्त्रक्रियेची हत्यारं आणि जखमींना नेण्याची मोटार असा सरंजाम उभा राहिला. आता प्रश्न राहिला माणसांचा. पैसा देणारे हजार भेटतात, पण लढाईच्या जागी स्वतः जाणारा डॉक्टर कुठून आणायचा?

त्यासाठी डॉक्टरांकडून नावं मागवली. आणि इथे आपले द्वारकानाथ पुढे झाले. त्यांनी आपलं नाव दिलं.

अर्ज लिहिणं आपल्याला सोपं वाटतं. आपण शाळेत शिकतो, वर तारीख, खाली आपला नम्र. पण या अर्जाने काय काय सोडावं लागणार होतं ते बघा. वरची परीक्षा सोडायची. पगार-पाण्याची आशा सोडायची. समुद्र ओलांडून अशा देशात जायचं की जिथली भाषा येत नाही, अन्न माहीत नाही आणि वरून बाँब पडताहेत. शिवाय घरी सांगायचं! मला तर वाटतं हेच सगळ्यात अवघड होतं. त्या वेळी कोटणीसांच्या घरी चीनची माहिती ती किती? दारावर चिनी रेशीम विकायला फेरीवाले येत, तेवढीच काय ती ओळख. वडिलांनी मुलाला जा म्हणून सांगितलं. आईला फार वाईट वाटलं, पोरगं इतक्या लांब चाललं म्हणून. आईला वाईट वाटणारच. आपल्यापैकी कोणाची बदली जरी नागपूरला झाली तरी घरात दोन दिवस चूल नीट पेटत नाही.

आणि अर्ज केला म्हणजे जायला मिळतंच असंही नव्हतं. परदेशी जायला पासपोर्ट लागतो, आणि पासपोर्ट देणारं सरकार इंग्रजांचं. कलकत्त्याचे डॉ. रणेन सेन यांची निवड झाली होती. ते राजकीय चळवळीतले म्हणून सरकारने त्यांना पासपोर्टच नाकारला. त्यांच्या जागी डॉ. विजयकुमार बसू यांना घेतलं. म्हणजे दुसऱ्यांच्या जखमा बांधायला जायचं, त्यालाही परवानगी लागत होती. द्वारकानाथांना पासपोर्ट मिळाला.

असे पाच डॉक्टर ठरले. पुढारी होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. ते याआधी स्पेन देशातल्या युद्धात जखमींची सेवा करून आले होते. दुसरे नागपूरचे डॉ. चोळकर. ते सर्वांत वडील. त्या वयात लोक नातवंडं खेळवतात, ते चीनला निघाले! म्हणजे पाचांत दोघे आपले मराठी. कलकत्त्याचे दोघे, डॉ. बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि पाचवे आपले द्वारकानाथ, वय वर्षे सत्तावीस.

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून राजपुताना नावाच्या बोटीने हे पाच जण निघाले. जाता जाता त्या बोटीचंही सांगतो. पुढे महायुद्धात इंग्रजांनी ती लढाईच्या कामाला घेतली आणि १९४१ साली अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुडीने तिला बुडवलं. बंदरावर निरोप द्यायला आलेल्या घरच्या माणसांनी द्वारकानाथांना तिथे पाहिलं ते शेवटचंच.

१७ सप्टेंबरला मंडळी चीनमधल्या कँटन शहरी पोहोचली. चीनचे थोर नेते सुन यत् सेन यांच्या पत्नी सुंग चिंग लिंग यांनी त्यांचं स्वागत केलं. पण स्वागत-सत्काराला वेळ होता कुठे? जपानी सैन्य पुढे सरकत होतं. ऑक्टोबरात कँटन पडलं, पाठोपाठ हँकौ पडलं. डॉक्टर हँकौकडे काम करीत होते. तिथून ते इचांगला, आणि इचांगहून चुंगकिंगला गेले. एका जागी दवाखाना मांडावा, जखमी यावेत आणि शत्रू जवळ आला की सगळं गुंडाळून पुन्हा निघावं. बिऱ्हाड पाठीवर घेऊन डॉक्टरकी चालली होती.

चुंगकिंगला त्यांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ हा शब्द जोडला. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव झालं के दीहुआ. आजही चीनमध्ये ते याच नावाने ओळखले जातात. तिथे कोणाला कोटणीस म्हटलं तर कदाचित कळायचं नाही, के दीहुआ म्हटलं की लगेच कळेल.

आणि याच चुंगकिंग शहरात, १९३९ च्या जानेवारीत, घरून बातमी आली. वडील वारले.

वाचकहो, इथे मी थोडा वेळ थांबलो होतो. ज्या वडिलांनी जा म्हणून सांगितलं तेच गेले. घरी आई, पाठीमागे भावंडं. परत जा, तुझा कोणी राग करणार नाही, असं सोबत्यांनाही वाटलं. आणि खरंच कोणी नावं ठेवली नसती. अजून ते खऱ्या आघाडीवर पोहोचलेही नव्हते. परत फिरायला याहून सबळ कारण नव्हतं. पण द्वारकानाथ परतले नाहीत. जे काम करायला आलो ते अजून सुरूच झालं नाही, असा विचार करून ते सर्वांबरोबर उत्तरेकडे निघाले. त्यांनी बरोबर केलं का चूक केलं, यावर आमच्या वर्गात वाद झाला. निम्मी मुलं म्हणाली आईकडे जायला हवं होतं. बाईंनी कोणाचाच निकाल दिला नाही. मला स्वतःला अजून ठरवता येत नाही. आईच्या बाजूने पाहिलं की एक वाटतं, जखमींच्या बाजूने पाहिलं की दुसरं.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी ते येनानला पोहोचले. येनान हे डोंगराळ मुलखातलं गाव. तिथली माती पिवळी, मऊ आणि उभी कापता येणारी. डोंगराच्या पोटात गुहा कोरून लोक राहतात. आपल्याकडे कार्ल्याला, भाज्याला लेणी आहेत, पण ती दगडात कोरलेली. ही मातीत कोरलेली घरं. जपानी विमानांनी गावावर बाँब टाकले होते, त्यामुळे दवाखानेसुद्धा गुहांतच थाटले होते. चीनचे पुढारी माओ त्से तुंग यांची आणि या डॉक्टरांची भेट येनानलाच झाली. नेहरू १९३९ च्या उन्हाळ्यात चुंगकिंगपर्यंत आले होते, पण तेवढ्यात युरोपात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि त्यांना घाईने परतावं लागलं.

त्याच वर्षी डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी भारतात परतले. तिथली हवा, अन्न, दगदग सर्वांना सोसते असं नाही, यात कमीपणा काही नाही. १९४० साली आजारपणामुळे डॉ. अटलही परतले. पाचाचे दोन राहिले, बसू आणि कोटणीस.

हे दोघे शत्रूच्या पाठीमागच्या मुलखात जायला निघाले. म्हणजे असं, की मोठी शहरं आणि रेल्वे जपान्यांच्या ताब्यात आणि मधले डोंगर, खेडी चिनी सेनेच्या ताब्यात. एका डोंगरातून दुसऱ्या डोंगरात जायचं तर मधली रेल्वेची लाईन रात्री चोरून ओलांडावी लागे. शिवाजी महाराजांच्या वेळी आपल्या मावळात जशी लढाई चाले, तशीच ही. मैदानात गाठ घालायची नाही, डोंगराच्या आधाराने राहायचं. आपण सिंहगडाच्या पायथ्याची माणसं, आपल्याला हे लगेच कळतं. ऑगस्ट १९४० मध्ये ते होपे प्रांतातल्या तांग तालुक्यात, गेगुंग नावाच्या खेड्यात पोहोचले.

इथे आणखी एका माणसाची ओळख करून दिली पाहिजे. डॉ. नॉर्मन बेथून. हे कॅनडाचे मोठे सर्जन, तेही असेच स्वतः होऊन चीनला आलेले. त्यांनी दवाखाना खेचराच्या पाठीवर बसवला! शेतकरी जनावराच्या पाठीवरून शेणखत वाहायला दोन बाजूंना टोपल्या लावतात, त्या पाहून त्यांनी लाकडी पेट्या करून घेतल्या. दोन खेचरांवर औषधं, पट्ट्या, हत्यारं सगळं मावे. पण शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली, त्यात विष चढलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. त्या वेळी पेनिसिलीन मिळत नव्हतं. आज आपल्या गावातल्या दवाखान्यात जी इंजेक्शनं मिळतात, त्यातलं एखादं त्यांना मिळतं तर ते वाचले असते. कोटणीस आणि बेथून यांची भेट कधीच झाली नाही. पण बेथून यांचं अर्धवट राहिलेलं काम कोटणीसांच्या हाती आलं.

त्याच सुमारास चिनी सेनेने जपान्यांवर मोठी मोहीम काढली. डोंगरातून जखमी येऊ लागले ते थांबेचनात. लोक झोळीत घालून, दरवाज्याच्या फळीवर घालून आणत. आघाडीजवळच एखाद्या घरात टेबल मांडून डॉ. कोटणीस काम करीत. एकदा तर ७२ तास, म्हणजे तीन दिवस तीन रात्री, ते न झोपता शस्त्रक्रिया करीत राहिले. त्या लढाईत त्यांनी ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले. आपण एक रात्र जागरण केलं, गोंधळ किंवा भजन असलं, तरी दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतो. तीन रात्री जागून हाताने बारीक काम करायचं, आणि हात थरथरला तर माणूस जाणार!

मोहिमेनंतर बसू येनानला परत गेले. आता त्या मुलखात डॉ. कोटणीस एकटेच भारतीय उरले. मराठी बोलायला तर कोणीच नाही. दोन वर्षांत तोंडातून मराठी शब्द निघाला असेल तो स्वतःशीच. मला या गोष्टीचं फार वाटतं. आमच्या वर्गात नवीन आलेली एक मुलगी पहिले आठ दिवस कोणाशी बोलली नव्हती, कारण तिला मराठी येत नव्हतं. तिला विचारा एकटं वाटणं म्हणजे काय. पण डॉक्टरांनी वेगळंच केलं. ते चिनी भाषा शिकले. नुसती बोलायला नाही, तर चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून शस्त्रक्रिया शिकवण्याइतकी. त्यांनी शस्त्रक्रियेवर पुस्तकही लिहिलं आणि दुसरं लिहायला घेतलं.

जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. संचालक म्हटल्यावर मोठी इमारत, खोली, शिपाई असं डोळ्यांपुढे आणू नका. खेड्यातल्या घरांमध्ये विखुरलेला हा दवाखाना. कोणाच्या पडवीत दोन जखमी, कोणाच्या माळ्यावर तीन. जपानी आले की सगळ्यांना उचलून डोंगरात न्यायचं. जेवायला सर्वांना असे तेच, तिकडे राळे पिकतात, त्यांचा भात. आपल्या आजी सांगतात ना पूर्वी राळ्याचा भात करीत, तेच राळे. डॉक्टर सैनिकांच्या पंक्तीलाच जेवत. लोक त्यांना लाओ के म्हणत, म्हणजे के बुवा असं समजा. आणि सैनिकांनी त्यांना आणखी एक नाव ठेवलं होतं, काळी आई! रंगाने सावळे आणि आईसारखी सेवा करणारे म्हणून. आपल्याकडे काळी आई म्हणजे शेतजमीन. चिनी सैनिकांना ते माहीत असण्याचं कारण नाही, पण नाव किती बरोबर बसलं बघा. धायरीत आता शेतं फार उरली नाहीत, इमारती झाल्या, तरी आमचे आजोबा लोक जमिनीला अजून काळी आईच म्हणतात.

बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची ओळख क्वो छिंग लान या परिचारिकेशी झाली होती. त्या परिचर्या शिकवीत. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचं लग्न झालं. मुंडावळ्या नाहीत, अक्षता नाहीत, घरचं कोणी नाही. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिन्हुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. हे नाव तिथले सेनापती न्ये रुंग चन यांनी सुचवलं. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉक्टर चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते.

पण शरीर खचलं होतं. त्यांना फिट येऊ लागल्या होत्या. वरिष्ठांनी सांगून पाहिलं की कामातून सुट्टी घ्या, दुसरीकडे जाऊन नीट उपचार करून घ्या. ते जायला तयार झाले नाहीत. या ठिकाणी मात्र मी डॉक्टरांशी भांडलो असतो! दुसऱ्याला औषध वेळेवर घ्या म्हणून सांगणाऱ्याने स्वतः का ऐकू नये? तीन महिन्यांचं मूल घरात होतं. पण ते गेले असते तर त्यांच्या जागी बसायला दुसरा सर्जन त्या डोंगरात सहज मिळाला नसता, हेही तितकंच खरं.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री ते शस्त्रक्रियेच्या पुस्तकाचं लिहीत बसले होते. फिट आली. एकामागून एक येत राहिल्या. शिष्यांनी आणि सहकाऱ्यांनी रात्रभर शर्थ केली. ९ डिसेंबरला सकाळी, गेगुंग गावी, डॉ. कोटणीस वारले. वय अवघं बत्तीस. दुसरं पुस्तक अपुरंच राहिलं.

सोलापुरात आईला ही बातमी कशी कळली असेल? ते दिवस महायुद्धाचे. आपल्या देशातही छोडो भारत चळवळ पेटलेली, पुढारी तुरुंगात. बोटी बंद, टपाल बेभरवशाचं. १९४३ साली डॉ. बसू भारतात परतले. पाच गेले होते, चार परत आले.

पुढे लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून १९४६ साली व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटनीस की अमर कहानी हा चित्रपट काढला. डॉक्टरांचं काम शांतारामबापूंनी स्वतःच केलं. आमच्या आजोबांनी तो सिनेमा पाहिला आहे. त्यांना वाटायचं ही बनवलेली गोष्ट आहे. हा लेख वाचून दाखवला तेव्हा त्यांना समजलं की माणूस खरा होता, आणि आपल्या सोलापूरचा होता.

डॉक्टरांची समाधी आता चीनच्या शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा उद्यानात आहे. बेथून यांचीही तिथेच आहे. जिवंतपणी भेट झाली नाही, पण आता शेजारी आहेत. तिथे डॉक्टरांचा पुतळा आहे. आपण सर्वपित्रीला पितरांना आठवतो तसा चिनी लोकांचा एप्रिल महिन्यात एक दिवस असतो, समाध्या झाडून-पुसून फुलं वाहण्याचा. त्या दिवशी लोक त्यांच्या समाधीवर फुलं वाहतात. त्या शहरातल्या एका वैद्यकीय शाळेला त्यांचं नाव दिलं आहे. १९८२ साली चीनने आणि १९९३ साली भारताने त्यांचं टपाल तिकीट काढलं. मधे १९६२ साली आपलं आणि चीनचं युद्ध झालं, पुढेही सीमेवर कुरबुरी झाल्या. पण चीनचे मोठे पुढारी भारतात आले की कोटणीसांच्या बहिणींची भेट घेत असत.

यिन्हुआ मात्र फार जगला नाही. तोही वडिलांसारखा डॉक्टर व्हायला निघाला होता. शिक्षण पुरं व्हायच्या आत, १९६७ साली तो वारला. क्वो छिंग लान यांनी दोघांचंही जाणं पाहिलं. त्या पुष्कळ वेळा भारतात आल्या, सासरच्या माणसांत राहिल्या आणि २०१२ साली वारल्या.

त्याच २०१२ साली सोलापूर महापालिकेने कोटणीसांच्या राहत्या घराचं स्मारक केलं. पुण्याहून सोलापूर साधारण २५० किलोमीटर आहे, सकाळच्या गाडीने गेलं तर दुपारच्या आत पोहोचता येतं. पुढच्या वर्षीची सहल कुठे न्यायची ते अजून ठरलेलं नाही. मुख्याध्यापकांकडे सोलापूरसाठी अर्ज द्यायचा म्हणून आम्ही सातवीच्या मुलांनी एका कागदावर सह्या घ्यायला सुरुवात केली आहे. कागद या भित्तिपत्रकाशेजारीच, फळ्याच्या खिळ्याला अडकवला आहे. पालकांनीही सही केली तरी चालेल.